रिकाम्या जमिनीचे फोटो आणि जमीन नसलेली माणसं

निसर्गाच्या फोटोत कसलं आलंय राजकारण? डोंगर तो डोंगर, दरी ती दरी, आणि सूर्य काही जात विचारून उगवत नाही. चळवळीतले अनेक तरुण मित्र असं म्हणतात. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा असो, टिपेश्वरचं जंगल असो की अजिंठ्याची दरी, आपण फोटो काढतोच. काढताना एक गोष्ट मात्र नकळत करतो. ढोरं चारणारा म्हातारा बाजूला होईपर्यंत थांबतो. सरपणाची मोळी घेऊन चाललेली बाई चौकटीबाहेर गेली की मग बटण दाबतो. माणूस आला की फोटो बिघडतो, अशी आपली समजूत आहे.

ही समजूत आपल्याला कोणी शिकवली? ती निसर्गातून आलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे. फुले-आंबेडकरी विचारांच्या कार्यकर्त्याने तो समजून घेतला पाहिजे, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी वनहक्क दाव्यांचं आणि ई-क्लास जमिनीवरच्या अतिक्रमणांचं भवितव्य शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबतं: ही जमीन रिकामी होती की इथे माणसं होती?

अमेरिकेतली दरी

दऱ्याखोऱ्यांच्या आणि वाळवंटांच्या फोटोंची जी शैली आज जगभर चालते, ती मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागात घडली. तिथे नद्यांनी हजारो फूट खोल खडक कापून दऱ्या केल्या आहेत. त्यांना कॅन्यन म्हणतात. त्यातली एक दरी आहे कॅन्यन डी शे. तिथे नवाहो आदिवासी राहत होते. मका पिकवत होते, मेंढ्या पाळत होते, दरीच्या तळाशी त्यांच्या पीचच्या बागा होत्या. १८६४ साली किट कार्सनच्या हाताखालच्या सैन्याने ही दरी जिंकली. घरं आणि पिकं जाळली. हजारो पीचची झाडं तोडली. आठ हजारांहून अधिक नवाहोंना शेकडो मैल पायी चालवत एका छावणीत नेलं. वाटेत आणि छावणीत किती माणसं मेली, ते नवाहो आजही विसरलेले नाहीत. १८६८ च्या तहानंतर त्यांना आपल्या मुलखात परतता आलं.

पुढे पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, टिमोथी ओसलिव्हन नावाचा छायाचित्रकार सरकारी सर्वेक्षण पथकाबरोबर त्याच दरीत गेला. उंच कड्याच्या कपारीतल्या प्राचीन पडक्या घरांचा त्याने काढलेला फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यात प्रचंड कडा आहे, अवशेष आहेत आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून उभी केलेली पथकातली इवलीशी माणसं आहेत. ज्यांची बाग नऊ वर्षांपूर्वी तोडली, ते नवाहो त्यात नाहीत. त्याच वर्षी ओसलिव्हनने नवाहोंचाही फोटो काढला. पण तो वेगळा, वेगळ्या जागी, ‘आदिवासी जीवन’ म्हणून. दरीचा फोटो वेगळा आणि दरीतल्या माणसांचा वेगळा. ही विभागणी ध्यानात ठेवा, पुढे ती आपल्याकडेही भेटणार आहे.

१८७३ हे वर्ष आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांनी अमेरिकेतली जी बाजू पाहिली ती खरीच होती. दुसरीही बाजू होती. ज्या देशाने गुलामगिरी कायद्याने संपवली, तोच देश त्याच दशकात मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून उठवत होता आणि मागे उरलेल्या मोकळ्या जागेचे सुंदर फोटो काढत होता.

सगळ्यात प्रसिद्ध दरी ग्रँड कॅन्यन. तिच्यात आणि भोवतालच्या पठारावर हावासुपाई लोक पिढ्यानपिढ्या शेती आणि शिकार करत. १८८२ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी फक्त ५१८ एकर राखीव ठेवले, बाकीचा मुलूख काढून घेतला. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिथे आले. या दरीला हात लावू नका, ती आहे तशीच राहू द्या, असं त्यांनी लोकांना बजावलं. जणू ती जागा कोणाच्या राहण्याची नव्हतीच! १९१९ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं. दरीत झऱ्याकाठी राहणाऱ्या शेवटच्या हावासुपाई माणसाला १९२८ मध्ये बाहेर काढलं. पर्यटकांनी मग त्या झऱ्याचे मनसोक्त फोटो काढले. हावासुपाई लढत राहिले. १९७५ मध्ये कायदा होऊन त्यांना सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाले. आणि २०२२ मध्ये त्या झऱ्याच्या जागेला अधिकृतपणे ‘हावासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळालं.

क्रम नीट पाहा. आधी बंदुकीने माणसं हटवली. मग कॅमेऱ्याने जमीन रिकामी दाखवली. शेवटी कायद्याने ती रिकामीच ठेवली.

फोटो काढणारे सगळे दुष्ट होते असं मी म्हणत नाही. अमेरिकी निसर्गछायाचित्रणातलं सगळ्यात मोठं नाव अॅन्सेल अॅडम्स. १९४० च्या दशकात त्याने सरकारसाठी याच दऱ्या टिपल्या आणि ओसलिव्हनच्या त्या कड्यासमोर उभं राहून पुन्हा फोटो काढला. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना वाळवंटातल्या छावण्यांत डांबलं, तेव्हा हाच अॅडम्स १९४३ मध्ये मान्झानारच्या छावणीत गेला. तिथल्या माणसांचे चेहरे, त्यांची शेतं, त्यांची शाळा टिपली आणि १९४४ मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे त्याच हातांना आणि त्याच कॅमेऱ्याला माणसं दिसू शकत होती. कोणाला चौकटीत घ्यायचं हा निर्णय असतो. तो यंत्राच्या गळ्यात बांधता येत नाही.

मुंबईतले दोन अल्बम

आता आपल्या मुलखात येऊ. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे कॅमेरा आपल्याकडे फार उशिरा आला असं नाही. मुंबईतल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जाती-जमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. ते फोटो बनवण्याची त्याची रीत विलक्षण होती. माणसांचा फोटो वेगळा काढायचा, देखाव्याचा वेगळा काढायचा आणि माणसं त्या देखाव्यावर जोडून द्यायची. फोटोतला माणूस त्या जागी उभा राहिलेलाच नसे.

याहून मोठा उद्योग ब्रिटिश सरकारने केला. १८५७ च्या उठावानंतर ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत. प्रत्येक माणूस एका जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून उभा. खाली जातीचं नाव, आणि कित्येकदा ती जात कष्टाळू की चोर, विश्वासू की लबाड याचा शेरा. माणसाचं नाव फार थोड्या ठिकाणी. आणि त्याचं गाव, त्याचं वावर, त्याची विहीर?

त्याच दशकांत गोऱ्या छायाचित्रकारांनी हिंदुस्थानातल्या दऱ्याखोऱ्यांचे, लेण्यांचे, किल्ल्यांचे देखणे अल्बम काढले. दोन्ही प्रकारचे अल्बम शेजारी ठेवून पाहा. एकात जमीन आहे, तिच्यावर राबणारी माणसं नाहीत. दुसऱ्यात माणसं आहेत, त्यांच्या पायाखाली जमीन नाही.

समाजशास्त्राच्या भाषेत याला मोठमोठे शब्द आहेत. आपल्याला इतकं पुरे: जातव्यवस्थेनेही नेमकं हेच केलं होतं. गावाच्या शिवेचा वाद निघाला की साक्ष महाराची लागे. शिवारातला कोणता दगड कोणाच्या हद्दीचा, हे त्याला तोंडपाठ असे. शीव राखणं हे त्याचं वतनी काम होतं. शिवार सगळं ठाऊक, पण घर गावकुसाबाहेर आणि जमीन मालकीची जवळपास नाही. इंग्रजांचा कॅमेरा आला तेव्हा त्याला ही फारकत आयती मिळाली. त्याने फक्त तिचा फोटो काढला आणि तिला शास्त्राचा शिक्का दिला.

अजिंठ्याच्या दरीतला निनावी माणूस

महाराष्ट्रात कॅन्यन म्हणता येईल अशी सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे वाघूर नदीने काळा खडक कापून केलेली घोड्याच्या नालेसारखी दरी. त्या दरीच्या कड्यात अजिंठ्याची तीस लेणी आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ती ‘शोधली’ असं पाठ्यपुस्तकात शिकवतात. त्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली आहे. पण त्या खोऱ्यातल्या गुराख्यांना आणि भिल्लांना लेणी आधीपासून ठाऊक होती. त्यांनी कुठे नाव खरडलं नाही, म्हणून ते शोधक ठरले नाहीत.

पुढे १८४४ मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला पाठवलं. त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं त्या दरीत घालवली. त्याने रंगवलेल्या बहुतेक प्रती १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मधल्या काळात तो कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४ मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनमध्ये निघाली. गिलचे कष्ट मोठे आहेत, ते नाकारायचं कारण नाही. त्याने लेण्यांचं त्या काळचं रूप जपून ठेवलं.

पण लेण्यांच्या जुन्या फोटोंची एक रीत होती, ती तपासली पाहिजे. खांब किती उंच, मूर्ती किती मोठी हे कळावं म्हणून शेजारी एखादा देशी माणूस उभा करत. फूटपट्टी असावी तसा. खाली लेण्याचा क्रमांक लिहीत, खांबाची शैली लिहीत. त्या माणसाचं नाव सहसा लिहीत नसत.

आता बुद्धाच्या लेण्यांची स्वतःची रीत पाहा. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांत शेकडो दानलेख कोरलेले आहेत. दान कोणी दिलं, तो कुठला, काय काम करतो, हे दगडात लिहिलेलं आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचं दान ज्याने दिलं, त्या वासिठीपुत कटहादीचं नावही तिथेच दगडावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या धम्माने कष्टकऱ्याचं नाव दगडात कोरलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या आधुनिक यंत्राने त्याच दगडाशेजारी कष्टकऱ्याला निनावी उभं केलं. प्रगतीचा हा हिशेब जरा उलटा नाही का?

या निनावीपणाचा फटका आपल्याला बसला आहे. फोटोत अजिंठा ‘ओसाड दरीतले रम्य अवशेष’ म्हणून जगभर गेला. तिथे विहार होते, शिकवण होती, एक जिवंत परंपरा होती आणि ती कोणीतरी संपवली, हा प्रश्न त्या रम्य चौकटीत मावत नाही. अवशेष म्हटलं की वारसदार विचारावा लागत नाही.

पाहण्याचा हक्क

कोणाला चौकटीत घ्यायचं याइतकाच मोठा दुसरा प्रश्न आहे: देखावा पाहायला जायचा हक्क कोणाला? याचं उत्तर बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. १९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जायचा आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचं ठरलं. तीसेक जण नाशिकहून निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते, म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की या लोकांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिव्यागाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात हा सगळा प्रसंग आहे.

कोलंबिया आणि लंडनमधून शिकून आलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस स्वतःच्या मुलखात पर्यटक म्हणून गेला, तर त्याच्यावर पहारा बसला. सुंदर देखाव्याचा निवांत आस्वाद घ्यायलाही एक सामाजिक परवाना लागतो आणि तो सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. म्हणून आज आपली पोरं कॅमेरा घेऊन लेण्यांत फिरतात, त्याचा मला आनंदच आहे. तो हक्क फुकट मिळालेला नाही, एवढं लक्षात असावं.

टिपेश्वर आणि आपण

आता यवतमाळ. टिपेश्वर अभयारण्याचं क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. सागाचं जंगल, टेकड्या, नाले. अभयारण्यातलं टिपेश्वर गाव आता तिथे नाही, त्याचं पुनर्वसन झालं. ते चांगलं झालं की वाईट, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मुद्दा असा की जिप्सीतून जाणाऱ्या पर्यटकाला तो सगळा परिसर अनादि काळापासून असाच निर्मनुष्य होता असं वाटतं, आणि फोटोही तेच सांगतो.

२०१८ आठवा. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण, जिला बाहेरच्यांनी ‘अवनी’ नाव दिलं. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालून मारलं. ती ज्या पद्धतीने मारली त्यावर गंभीर प्रश्न उभे राहिले आणि ते योग्यच होते. पण आठवून पाहा, त्या काळात वाघिणीचा आणि तिच्या बछड्यांचा फोटो देशभरातल्या किती मोबाईलवर फिरला? आणि मेलेल्या त्या गुराख्यांपैकी, शेतकऱ्यांपैकी किती जणांचे चेहरे तुम्हाला आठवतात? वाघिणीला नाव होतं. माणसांचा आकडा होता.

मी वाघाच्या विरोधात नाही. जंगल टिकलं नाही तर सगळ्यात आधी कोलाम पोड उपाशी राहील, शहर नाही. पण वाघ वाचवायचा म्हणजे शेजारच्या माणसाला चौकटीबाहेर काढायचं, ही वर सांगितलेल्या अमेरिकी अल्बमची शिकवण आहे. पोडावरच्या म्हाताऱ्याला जंगलाची जी माहिती आहे, ती कुठल्याही कॅमेऱ्यात नाही.

फोटो पुरावा होतो तेव्हा

आता मुद्दा कागदावर आणू. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. आदिवासींना तेवढं पुरतं. बौद्ध, भटके-विमुक्त आणि इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आज्याला साक्षरतेपासून दूर ठेवलं, त्यांच्याकडे पाऊणशे वर्षांचा कागद मागायचा! गायरानाचंही तसंच. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. त्या रेट्यातून पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय आला. तरी आजही कष्टकऱ्याला विचारलं जातं: तू तिथे होतास याला पुरावा काय?

इथे आकाशातून काढलेला फोटो पुढे येतो. उपग्रहाच्या चित्रात जमीन मोकळी दिसते, म्हणून दावा खोटा, असं म्हणणं सोपं असतं. कोरडवाहू कपाशी-तुरीचं वावर मे महिन्यात कसं दिसतं, हे यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. वरून पाहिलं तर ते पडीकच दिसणार. म्हणून २०१२ च्या सुधारित नियमांतली तरतूद प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवी: उपग्रह चित्रं इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायची, त्यांच्या जागी नाही. नियम १३ मध्ये पुरावे कोणते ते दिलं आहे. त्यात गॅझेटियर आणि जनगणनेसारखे सरकारी दस्तऐवज आहेत. घर, झोपडी, बांध, जमिनीची सपाटी या खुणा आहेत. जुन्या विहिरी, दफनभूमी, पूजास्थानं आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत. यातले किमान दोन पुरावे जोडावे लागतात.

तेव्हा मित्रांनो, हातातल्या मोबाईलचा उपयोग करा. वावराचा फोटो खरीप उभा असताना काढा आणि कसणाऱ्या कुटुंबाला त्यात उभं करा. जुन्या विहिरीचा, बांधाचा, दफनभूमीचा फोटो काढताना त्या जागेची माहिती असलेल्या आजीला सोबत घ्या. तिचं नाव, गाव, तारीख आणि ती काय सांगते ते त्याच दिवशी लिहून काढा, सही किंवा अंगठा घ्या. नुसता फोटो दावा जिंकून देणार नाही. पण जबाबाला आणि जागेवरच्या खुणेला तो बळ देतो, आणि पंचनाम्यात ‘जागा रिकामी’ असं लिहायला निघालेला हात थोडा थांबवतो. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब आधी घ्या. ती माणसं गेली की पुरावा गेला.

आणि सुंदर फोटो म्हणजे काय हे पुन्हा ठरवायचं असेल, तर आपल्याकडे नमुना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरच्या मैदानाचा फोटो पाहा. नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं, पांढरी वस्त्रं. त्या दिवसापर्यंत तीही एक मोकळी जागाच होती. आज तिला दीक्षाभूमी म्हणतात, कारण तिथे माणसं उभी राहिली.

पुढच्या वेळी शिवाराचा फोटो काढताना मोळी घेऊन येणारी बाई दिसली, तर ती निघून जायची वाट पाहू नका. तिला विचारा, नाव लिहून घ्या, आणि मग बटण दाबा.

जय भीम!